जन्माचा पॉझिटिव्ह

नत्थूजी हे नागपुरातल्या पाचपावलीचे कोष्टी. बापजाद्यांचा माग होता. पण गिरणीच्या स्वस्त कापडापुढं हातमागाच्या लुगड्यांना कोणी विचारेना, तेव्हा घरातला धोटा आढ्याला खोचून ते लकडगंजच्या आरा मशीनवर ओंडके ढकलायला गेले. त्या कामानं पोट भरे, एवढंच. मान मिळायचा तो वेगळ्याच कामात. नत्थूजी रक्त द्यायचे.

द्यायचे म्हणजे विकायचेच, पण हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. एका खाजगी रक्तपेढीत जायचं, बाकड्यावर आडवं व्हायचं, आणि चार पैसे व दोन केळी घेऊन छाती काढत घरी यायचं, असा त्यांचा रिवाज. "रक्त म्हणजे झिऱ्याची विहीर हाये गा," ते म्हणत, "उपसली का भरते." पेढीनं त्यांना एक कार्ड दिलं होतं. त्यावर लाल शाईत लिहिलेलं: बी पॉझिटिव्ह. मोहल्ल्यात कोणालाच आपला रक्तगट ठाऊक नव्हता, त्यामुळे ते कार्ड म्हणजे नत्थूजींची पदवीच झाली होती. सदऱ्याच्या खिशातून ते काढून दाखवायला त्यांना निमित्त लागत नसे.

"जन्मपत्रिका असल्यावानी मिरवता जी तुम्ही," बायको, गोदूबाई, कुरकुरे.

"अवं, काटोलच्या बाजारात कोन्या शेठच्या अंगात माहं रक्त संत्री विकून राहिलं असंन. तुले काय समजते?"

माणूस बढाईखोर होता, पण खोटा नव्हता. त्यांच्या रक्तानं कोणी ना कोणी जगलंच असेल.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मुंबई-मद्रासकडे एक नवा रोग सापडला होता आणि तो नागपुरात कुठवर, कोणत्या वाटेनं आला आहे याचा शोध सरकारी प्रयोगशाळेत डॉक्टर सुमती मॅडम घेत होत्या. रक्त विकणाऱ्यांपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांचा मदतनीस भैय्याजी पेढीत येऊन नमुने घेऊन गेला. नत्थूजींनी तर आनंदानं बाही वर केली. "तपासा, तपासा. सोनं निंघंन!"

मॅडमनी नमुना तपासला, पुन्हा तपासला. मग भैय्याजीला बजावलं, "त्यांना एवढंच सांगा, पॉझिटिव्ह आलंय, मला येऊन भेटा. रोगाचं नावही काढू नका. गल्लीत बभ्रा झाला तर माणसाला जगणं कठीण होईल."

बाईंचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूनंच कधीकधी घात होतो.

भैय्याजीनं नत्थूजींना चहाच्या टपरीवर गाठलं आणि कानाशी लागून म्हणाला, "तुमचं रक्त पॉझिटिव्ह आलं. मॅडमनं भेटाले बोलावलं."

नत्थूजी खो खो हसले. "त्यात नवीन काय सांगून राहिला गा? मी तं जन्माचाच पॉझिटिव्ह आहो! हे पाहा." आणि त्यांनी कार्ड पुढं केलं.

भैय्याजीनं ते कार्ड पाहिलं आणि तोही गोंधळला. पण बोलायची बंदी होती. "मॅडमले भेटा म्हंजे झालं," असं पुटपुटून तो गेला, आणि निरोप पोचवला म्हणून त्यानं मॅडमना कळवलं. नत्थूजींनी मनाशी म्हटलं, आपल्याच रक्ताची खबर ऐकायला एक रोजी कोण बुडवणार? ते गेलेच नाहीत. गुपित राखायचं म्हणून मॅडमनी पेढीलाही काही कळवलं नव्हतं. त्यांनी वाट पाहिली, मग तपासायला ट्रकवाल्यांचे नमुने आले, आणि त्या गर्दीत एक माणूस मागं राहून गेला.

त्या हिवाळ्यात कौसल्या, त्यांची एकुलती एक मुलगी, उमरेडहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, पण रक्तस्राव थांबेना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं रक्त आणायला सांगितलं. पोरीचा गट बापाचाच निघाला. पेढीवाला म्हणाला, बाटली तयार आहे, घेऊन जा.

"माहं रक्त असतांना परक्याचं काहून?" नत्थूजी गरजले आणि बाकड्यावर आडवे झाले. गट जुळतो का एवढंच पाहिलं गेलं. दुसरं काही तपासायची तेव्हा तिथं रीतच नव्हती. त्या दिवशी नत्थूजींनी पैसे घेतले नाहीत, केळीही घेतली नाहीत. बाटली भरताना पाहून त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जगाला दिलं, आज ते कामी आलं, असं त्यांना वाटलं. कौसल्याच्या गालावर रंग परतला, तेव्हा तर त्यांनी सारा मोहल्ला कार्ड घेऊन पालथा घातला.

ऊन तापायला लागल्यावर जुन्या यादीत नत्थूजींचं नाव तसंच राहिलेलं दिसलं, तेव्हा मॅडम स्वतः घर विचारत आल्या. मायलेकी बाळाला घेऊन शेजारी गेल्या होत्या, तेव्हा अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी सारं उलगडून सांगितलं. ह्या रोगाचा विषाणू रक्तात राहतो. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. पेढीतली सुई नीट न उकळता दुसऱ्याला टोचली तरी लागण होते, नवऱ्याकडून बायकोलाही होते. आणि तो सारखं रूप बदलतो, म्हणून त्याच्यावर लस नाही, बरं करणारं औषधही अजून नाही. "ते पॉझिटिव्ह वेगळं होतं, नत्थूजी. मी स्वतः यायला हवं होतं."

नत्थूजींनी कार्ड हातात धरलं होतं. लाल अक्षरं खाली जातील असं ते त्यांनी मांडीवर उलटं ठेवलं.

"मॅडमबाई, मी पोरीले रक्त देल्लं जी."

मॅडमना हे ठाऊक नव्हतं.

बाळंतिणीची तपासणी म्हणून कौसल्याचं रक्त नेलं, गोदूबाईचंही नेलं. आशा फार धरू नका, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण बाप आशा धरल्यावाचून राहतो का? ज्या रक्ताला सोनं म्हणून मिरवलं, ते पोरीच्या अंगी न लागो, एवढंच नत्थूजी देवाजवळ मागत राहिले. आरा मशीनवर जाणं सुटलं. अन्न गोड लागेना.

कौसल्या उमरेडला जायची तयारी करत होती त्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी नत्थूजींना दाराबाहेर बोलावलं. गोदूबाई वाचली होती. मग आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "कौसल्याचं पॉझिटिव्ह आहे."

घर ते केवढं! आत बाळाला पाजत बसलेल्या कौसल्यानं तेवढाच शब्द ऐकला.

"आई, ऐकलं का वं? माहं बी पॉझिटिव्हच निंघालं! आता तं पक्कं झालं, मी बापावरच गेली!" ती हसत ओरडली. "बाबा, मले बी तुमच्यासारखं कार्ड करून द्या ना!"

मॅडम आत जायला निघाल्या. नत्थूजींनी हात आडवा केला. "नोको जी. माह्याच तोंडानं सांगतो," ते म्हणाले, पण उंबरा ओलांडायला त्यांचे पाय काही केल्या उचलेनात.