कपाटातला सातवा शंख

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीतले शंख मावशी वीस वर्षं पुसत होत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी सातवा शंख त्यांच्या हातून फुटला. नोकरीच्या भीतीने त्यांनी सकाळी किनाऱ्यावरून हुबेहूब तसाच शंख आणला आणि देवाचं नाव घेऊन जागेवर ठेवला.

तपासणीचे साहेब कपाटाशी वाकले, तोच सातवा शंख आठव्याला ढकलून चालू लागला. आत खेकडा होता!

मावशींचं तोंड एवढंसं झालं. "जुना माझ्या हातून फुटला, साहेब."

"अहो, पण आणताना आत कोण आहे ते बघायचं तरी!"

"बघितलं ना. तेव्हा हा दार लावून बसला होता."

साहेब पोट धरून हसले. "जा, सोडून या त्याला."

किनाऱ्यावर शंख खाली ठेवताना मावशी पुटपुटल्या, "मेल्या, दहा मिनिटं कळ काढली असतीस तर?"