सातऱ्यातले हात

खालच्या मजल्यावरच्या सूनबाई आज वर्षाची मिरची भाजताहेत. ठसका जिना चढून माझ्या खोलीत आला आणि फुलचूरच्या या सिमेंटच्या घरात मी एकटीच खोकत बसले. खिडकी लावायला उठवत नाही. या वयात उठायचं म्हणजे आधी गुडघ्यांची मनधरणी करावी लागते. परवा नातीने पर्समधून एक बाटली काढून दाखवली. मिरचीचा फवारा म्हणे. "आजी, कोणी अंगावर आला तर डोळ्यांत मारायचा." मी म्हटलं, चांगलं आहे बाई, जवळ ठेव. आम्हाला बाटली लागत नव्हती.

आमगावला रुळांच्या पलीकडे तेव्हा मिरचीचा सातरा असायचा. सातरा म्हणजे मिरचीचे देठ खुडायची जागा. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. धानाची मळणी उरकली की माझ्या आणि थोरल्या जाऊबाईंच्या हाताला शेतात काम उरायचं नाही. मग पौषापासून चैत्र सरेपर्यंत आम्ही दोघी सातऱ्यात. त्या लालभडक ढिगाभोवती पन्नासएक बाया तोंडाला पदर बांधून उकिडव्या बसायच्या आणि बोटं आपली खुडत राहायची. तिखट नखांत शिरायचं, तळव्याच्या रेषांत मुरायचं. राखेने घासा, ताकात बुडवा, मोहाच्या बियांचं तेल चोळा, आग काही उतरायची नाही. जाऊबाईंचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. संध्याकाळी घरी आलं की त्या भिंतीला टेकून दोन्ही हात पाठीमागे धरून बसायच्या आणि सासूबाई लेकराला उचलून त्यांच्या छातीशी लावायच्या. ते दूध पिता पिता आईची बोटं शोधायचं. हंगाम लागल्यापासून त्या माउलीने पोटच्या पोराच्या गालाला हात लावला नव्हता. मला बघवत नसे, पण घरातले तांदूळ तळाला गेले होते, आणि तक्रार करायची तरी कुणाकडे?

सातऱ्यात माल तोलणारा एक काटेवाला होता. मेल्याची नजरच वाईट. एका दुपारी पोतं धरायला म्हणून त्याने मला गोदामात बोलावलं आणि पोत्यांच्या थप्पीआड माझं मनगट धरलं. मी एकोणीस वर्षांची, नुकती नांदायला आलेली. तेवढ्यात रिकामी टोपली न्यायला जाऊबाई आत आल्या. खेळात मागून येऊन डोळे झाकावेत तसे त्यांनी आपले दोन्ही तळवे त्याच्या डोळ्यांवर ठेवले आणि चांगले रगडले. तो गुरासारखा हंबरला. हमाल धावले, घागरभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं, तशी आग आणखीच भडकली. या गडबडीत जाऊबाई टोपली घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसल्यासुद्धा.

शेठ आले. काटेवाल्याने तोंड झाकूनच सांगितलं, पोतं उचलत होतो, मागून कोणीतरी केलं. समोर कोण होतं ते मात्र त्याला ठाऊक होतं. हमालांना गोदामात मीच दिसले होते, म्हणून शेठ माझ्याकडे वळले. "किसका हाथ था?" मी खाली मान घातली. मग त्यांनी सगळ्यांना हात दाखवायला सांगितले. पन्नास बायांनी हात पुढे केले, सगळेच लाल, सगळेच तिखट! शेठ म्हणाले, नाव सांगा, नाहीतर उद्यापासून एकीलाही काम नाही. मला एकच वाक्य बोलायचं होतं, की आधी त्याने मला धरलं होतं. ते घरी कळलं तर बोट माझ्याकडेच वळेल, या भीतीने मी ते गिळलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा जाऊबाई उठल्या. "हात माजा होता, शेठजी. या बायायले कायले उपाशी मारता?" कारण काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं.

घरी जाताना रुळांच्या कडेने मी हुंदके देत चालले होते. त्या थांबल्या. "काऊन रडून राहिली वो? रड, पण डोळ्याले हात नको लावू." मी ते पाणी तसंच गालांवरून वाहू दिलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं की शेठशी भांडण झालं. शेठने त्यांना कामावरून काढलं होतं, दुसऱ्या दिवशी मी एकटी कामावर गेले. काटेवाला तिथेच होता, डोळे सुजलेला. पुढचे पाच हंगाम मी त्याच्याच काट्यावर माल घातला. तो पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही, आणि मीही कधी काही बोलले नाही. माणूस भीतीने थकत नाही, एवढा गप्प राहून थकतो.

जाऊबाईंचे हात निवायला आठ-दहा दिवस लागले. एका सकाळी भीत भीत त्यांनी एक बोट लेकराच्या गालाला लावलं. ते रडलं नाही. मग अख्खा तळवा ठेवला आणि त्या हसत सुटल्या. पुढे मला मुलगी झाली तेव्हा सातऱ्यात जाणारी घरात मीच होते. भिंतीला टेकून, हात पाठीमागे धरून मी दूध पाजायचे आणि जाऊबाई तिला धरायच्या. न्हाऊ घालणं, काजळ घालणं, तापात कपाळावर हात ठेवणं, सगळं त्यांनीच केलं. मी दोन्ही हात मागे धरून बघायचे. त्यांनी मला एकदाही काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

मुलीचं लग्न झालं तेव्हा सातरा कधीच सुटला होता, माझे हात चारचौघींसारखे गार होते. निघताना ती आधी जाऊबाईंच्या गळ्यात पडली. त्यांचे दोन्ही तळवे आपल्या गालांवर दाबून धरले आणि लहान पोरीसारखी रडली. मग पदर सावरून माझ्याकडे आली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.