जाडी चालायला निघाली

कोठीच्या काट्यावर मला बसवलं तेव्हा समोरच्या पारड्यात गव्हाचं पोतं होतं.

तो काटा माणसांसाठी नव्हता. जहागिरीच्या गावांहून गाडे भरून गहू यायचा, तो तोलून घ्यायला कोठीच्या दारात तुळईला टांगलेला होता. जाड साखळ्या, फळ्यांची पारडी. त्या दिवशी तोलाई संपली होती. हमाल घाम पुसत बसले होते. मी त्यांच्यासाठी गूळपाणी घेऊन आले. वरच्या सज्जात बाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या,

"अरे, हिलाही चढवा की. बघू तरी आमचं तूप कुठं जातंय ते."

सगळे हसले. मीही हसले. मालकीण गंमत करते तेव्हा हसायचं असतं. मग माझ्या ध्यानात आलं की ही गंमत नाही.

"चढ गं जाडी. वेळ लावू नकोस."

मी चढले. लुगडं सावरत, गुडघे पोटाशी घेऊन त्या फळीवर बसले. पारडं धाडकन खाली गेलं. पोतं वर. हमाल ओरडले, "अरे बाप रे!" मग एकजण त्या पोत्यात ओंजळीने गहू टाकत राहिला. काटा सरळ होईपर्यंत. मी साखळीला धरून बसले होते. तळहाताला गंज लागला होता. खाली बघत होते.

"हे पोतं असंच बाजूला ठेवा," बाईसाहेब म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा तोलू. वाढली, की कळलं चोर कोण ते."

मी त्या घरात स्वयंपाकीण होते. लष्कर नावाच्या आमच्या शहरातलं मोठं सरदार घराणं. माझ्या नवऱ्याचा आजा दक्खनेतून फौजेबरोबर आला, तो याच घराच्या पागेत होता. नवरा पलटणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेला आणि तिकडेच राहिला. मूलबाळ नव्हतं. मग चुलीपुढे आले. तिथं मला नाव नव्हतं. जाडी. जाडीला बोलवा. जाडी, भात वाढ. माझं खरं नाव त्या घरात कुणाला मालूम असेल असं मला वाटत नाही.

मी लहानपणापासून अंगाने भरलेली. नवरा गेल्यावर आणखी सुटले. तूप मी खाल्लं नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी पुरणाच्या पोळ्या लाटायच्या आणि घरी येऊन ज्वारीची भाकरी मिठाबरोबर खायची, हे माझं खाणं. आता वाटतं, खाल्लं असतं तरी काय बिघडलं असतं. ते तूप ज्या म्हशींचं होतं त्या म्हशी काही बाईसाहेबांनी चारल्या नव्हत्या. पण तेव्हा असं मनात यायचं नाही. तेव्हा एकच मनात यायचं, वजन उतरलं पाहिजे. मी एक भाकरी खायची, ती अर्धी केली. कधी तीही सोडली.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा काट्यावर बसवलं. मी खालीच गेले. आधीपेक्षा जास्त.

पायांवर सूज होती. बोट दाबलं की खळगा पडायचा. ते कुणी बघितलं नाही. "चोरटी," बाईसाहेब म्हणाल्या. कामावरून काढलं नाही, कारण माझ्या हातची चव त्यांना सोडवत नव्हती. त्याऐवजी हुकूम निघाला. जाडीनं स्वयंपाकघरात एकटीनं थांबायचं नाही. देवडीवरचा रामदीन दारात बसून नजर ठेवील. घरी जाताना ओचा झाडून दाखवायचा.

रामदीन भिंडकडचा म्हातारा. तो बसायचा, पण माझ्याकडे पाठ करून. "बहनजी, तुम अपना काम करो," म्हणायचा. "मैं सड़क देख रहा हूँ."

उपाशी पोटी चुलीपुढे उभं राहून एक दिवस मी पडले. हातात वरणाचं पातेलं होतं. पाय भाजला. रामदीनने टांगा बोलावून मला बायकांच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या. रोडक्या, चष्मेवाल्या, बोलायला कडक. पाय बांधला, छाती ऐकली, पुन्हा ऐकली.

"क्या खाती हो?"

सांगितलं.

"इतने में तो चिड़िया मर जाए. ढंग से खाओ. और सबेरे चलो. रोज. तेज चलो, साँस फूले ऐसे."

मी म्हटलं, दिवसभर उभीच असते की.

"खड़े रहना चलना नहीं होता. दिल कमजोर हो रहा है तुम्हारा."

"लोग हँसेंगे, बाई."

त्यांनी नळी गळ्यातून काढून मेजावर ठेवली. "लोगों की दवा मेरे पास नहीं है," म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पाय भरून आल्यावर मी चालायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. आमच्याकडे बाई रस्त्यात दिसते ती कामाने. डोक्यावर घागर, नाहीतर काखेत पोर, नाहीतर हातात पिशवी. रिकाम्या हाताने, कुठंही जायचं नसताना, भरभर चालणारी बाई मी आजवर बघितली नव्हती. आणि तीही माझ्यासारखी. पुरुषांना तालीम होती. सरदारांच्या पोरांना घोडे होते, टेनिस होतं. विधवेने कशाला चालायचं? आणि चालली तर कुणासाठी अंग राखते, हेही विचारणारे होते.

म्हणून मी परडी घेतली. परडीत दोन फुलं, हळद, एक सुपारी. कंपूच्या, म्हणजे छावणीच्या, बाजूला टेकडीवर देवीचं देऊळ आहे. कुणी विचारलंच तर दर्शनाला चालले आहे. देवीची मला फारशी फिकीर नव्हती. पण परडी असली की बाई लोकांना समजते.

पहिल्या दिवशी वाटेतल्या मैदानाच्या कडेपर्यंतच गेले. मांड्या एकमेकींना घासून सोलवटल्या. दम असा लागला की चिंचेच्या झाडाला टेकून उभी राहिले. लुगडं पाठीला चिकटलं. तालमीतून परतणारे जवान जात होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. "दशहरे का हाथी छूट गया क्या?" मी परडी छातीशी घट्ट धरली. घरी येऊन मांड्यांना खोबरेल लावलं आणि रडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले ते सांगता येणार नाही. कदाचित डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली म्हणून. मी मेले असते तरी त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली असती.

हळूहळू चिंच मागे पडली. मग पाण्याची टाकी. मग टेकडीचा पायथा. पायांची सूज उतरायला लागली. पोटभर खायला लागले होते. रात्री झोप यायची. शेजारची शांती म्हणायची, "अगं, तुझ्या तोंडावर रंगत आली." मी विषय बदलायचे. नजर लागेल असं वाटायचं.

आणि मग ती सकाळ. मैदानावर धाकटे सरकार घोडा फिरवत होते. बाईसाहेबांचा मुलगा. बरोबर दोन दोस्त, तेही घोड्यांवर. मला त्यांनी लांबून ओळखलं. माझ्यासारखी ओळखायला वेळ लागत नाही. घोडा माझ्या बाजूने आणला.

"कुठं निघालीस, जाडी?"

"दर्शनाला, सरकार."

"एवढ्या घाईनं? देवी पळून जाणार आहे का?"

दोस्त हसले. मी चालत राहिले. त्यांनी घोडा माझ्याभोवती फिरवला. एकदा, मग पुन्हा. धूळ तोंडात गेली. मी उजवीकडे वळले की घोडा उजवीकडे.

"देखो," ते दोस्तांना म्हणाले, "ये हमारे घर का घी है. टहलने निकला है." आणि मला म्हणाले, "दौड़!"

छडीने त्यांनी माझ्या हातातली परडी उडवली. फुलं, सुपारी, हळद सगळं मातीत. "दौड़ ना!"

मी दौडले. हो, मी दौडले. घोडा मागे. पदर घसरला, वहाण तुटली, छातीत असं दुखलं की इथंच संपतेय असं वाटलं. मैदानावर माणसं उभी होती. जवान, दूधवाले, घोड्यांचे मोतद्दार. कुणी पुढे आलं नाही. मी पडेपर्यंत दौडले. ते हसत निघून गेले. त्यांचा तोही व्यायामच होता. त्यांचा शौक आणि माझा तमाशा.

त्यानंतर मी चालणं सोडलं. सबेरे उठायचे, दाराची कडी काढायचे, पुन्हा लावायचे. सूज परत आली.

त्याच सुमारास धाकट्या सरकारांचं लग्न ठरलं. बडोद्याकडून व्याही मंडळी बघायला आली. दिवसभर पंगती. जेवणं झाल्यावर पाहुण्या बायका चौकात पान खात बसल्या. धाकट्या सरकारांनी मैदानातली गोष्ट रंगवून सांगितली. मी कशी धावले ते उठून करून दाखवलं. पाहुण्यांतल्या एकीने विचारलं, "खरंच का एवढी आहे ती?"

"बोलावते ना," बाईसाहेब म्हणाल्या. "काट्यावरच दाखवते."

मला बोलावलं. मी पदराला हात पुसत कोठीशी आले. काटा तयार होता. पोतं पारड्यात घातलेलं. हमाल उभे. सज्जात, जिन्यावर, चौकात सगळे. वर एक पोरसवदा मुलगी बसली होती, पाहुण्यांपैकी, तीही अंगाने माझ्यासारखीच भरलेली. ती सगळ्यांबरोबर हसत नव्हती. दोन्ही हातांनी तिनं आपला शालू पोटावर ओढून धरला होता.

मी त्या मुलीकडे बघितलं आणि माझ्यात काहीतरी थांबलं.

"चढ," बाईसाहेब म्हणाल्या.

मी खाली बसले. चौकाच्या फरशीवर. मांडी घालून, ऐसपैस.

"अगं, तिथं काय बसतेस? काट्यावर चढ."

"मी चढणार नाही."

माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"काय म्हणालीस?"

"ज्यांना माझं वजन बघायचं असेल त्यांनी मला उचलून बसवावं. मी माझ्या पायांनी चढणार नाही."

बाईसाहेबांचा चेहरा लाल झाला. "उचला रे हिला!"

एक हमाल पुढे आला. मी त्याच्याकडे बघितलं. हात लावायचा कुठं, हेच त्याला कळेना. तो रामदीनकडे बघायला लागला. रामदीन देवडीतून पुढे आला होता. काठी भिंतीला टेकवून त्याने हात जोडले, पण मला नाही, बाईसाहेबांना.

"मालकिन, औरत को हम हाथ नहीं लगाएँगे."

हमाल मागे सरकला. धाकटे सरकार जिन्यावर उभे होते. घोडा नव्हता, तर तेही उतरले नाहीत. मी बसून राहिले. जन्मभर ज्या अंगाची मला लाज वाटली ते अंग त्या दिवशी कुणालाही हलवता आलं नाही.

मग मी उठले. उठायला वेळ लागला. एक हात फरशीवर टेकून, गुडघा वर घेऊन, जशी उठते तशी. कुणी हसलं नाही. हसले असते तरी मी तशीच उठले असते.

"चालती हो," बाईसाहेब म्हणाल्या. "पुन्हा या दारात दिसू नकोस. लष्करात तुला कुठं चूल मिळते ते बघतेच मी."

त्यांनी बघितलं. सरदारांच्या कुठल्याही घरी मला काम मिळालं नाही. रामदीनलाही काढलं. तो भिंडला गेला, त्याचं पुढे काय झालं मला मालूम नाही. मी इंदरगंजात कचेऱ्यांतल्या एकट्या कारकुनांचे डबे करायला लागले. शांतीने चूल मांडायला अंगण दिलं. कमी खाल्लं असे दिवस आले. पण ते कुणी तोलले नाहीत.

आणि घोडा मागे लागला त्या सकाळनंतर पहिल्यांदाच मी पुन्हा मैदानावर गेले. रिकाम्या हातांनी. ओळखीचा दूधवाला म्हणाला, "किधर, बाई?"

"कहीं नहीं. चल रही हूँ."

तो बघतच राहिला. मी पुढे गेले.

मी बारीक झाले नाही. हे सांगायलाच हवं, कारण लोकांना शेवटी बाई बारीक झालेली हवी असते. सूज गेली, दम वाढला, टेकडी न थांबता चढते. अंग तेवढंच आहे. जवान अजून हाथी म्हणतात. धाकटे सरकार अजून घोडा फिरवतात. एकदा समोरून आले. मी बाजूला झाले नाही. घोडा त्यांनी वळवला.

परवा इस्पितळात माझ्यासारखीच एक बाई भेटली. डॉक्टरीणबाईंनी तिलाही चालायला सांगितलं होतं. ती हळूच मला म्हणाली, "मावशी, तुम्हाला लाज नाही वाटत हो?"

"वाटते," मी म्हटलं. "रोज वाटते."

खोटं कशाला सांगू? घराबाहेर पडले की पाठीवर डोळे टोचतात. ते जायचे नाहीत. ज्यांनी ती लाज माझ्या अंगावर घातली ते ती काढून घ्यायला येणार नाहीत. ती जाईल मग मी चालेन, असं म्हणत बसले तर मरेन. तेव्हा लाज वाटू दे. मी थांबणार नाही. आणि कुणी पुन्हा दौड म्हणालं, तर मी चालेन. माझ्याच चालीने, मला हवं तिथवर.