साठे डॉक्टरांचं ‘बहुधा’

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत मी बारा वर्षं टायपिस्ट होतो. शास्त्रज्ञांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो, कार्बन कॉप्यांसारखे आपोआप साठतात! पण उत्क्रांतीचं नाव निघालं की हसू राहतं बाजूला, माझं डोकं तापतं. का, ते ऐका.

*

आमचे साठे डॉक्टर पुण्याचे. माणूस देवासारखा, पण ‘बहुधा’ लावल्याशिवाय तोंडातून एक वाक्य बाहेर पडेल तर शपथ! पेपरातला एक ‘प्रोबेब्ली’ माझ्याकडून गळला, तर सबंध पान पुन्हा टाईप करायला लावलं. मुलीच्या लग्नपत्रिकेत ‘विवाह करण्याचे योजिले आहे’ हे वाचून मात्र खूश! म्हणाले, "वा! होईलच असं कुठेही म्हटलेलं नाही!" वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

*

प्राध्यापक कुलकर्णींचं उलटं. त्यांना सगळं सोपं करून सांगायची हौस. आमच्या मराठी मंडळात म्हणाले, "जिराफाला उंचावरचा पाला हवा होता, म्हणून त्याची मान लांब झाली."

चामराजपेटच्या गोदाक्का तिथल्या तिथे उठल्या. "आमची नात वर्षभर दाराला लोंबकळतेय, स्वल्पसुद्धा वाढली नाही!"

सगळे हसले, प्राध्यापकही हसले. पण हवी म्हणून कुणाची मान लांब होत नसते, ती चूक दुरुस्त कुणी केली? कुणीही नाही!

*

पुढच्या भाषणात त्यांनी जीवांचे ‘खालच्या दर्जाचे’ आणि ‘वरच्या दर्जाचे’ असे भाग पाडले. दुसऱ्याच दिवशी आमच्या आळीतले एक गृहस्थ सार्वजनिक नळावर एका बाईची घागर बाजूला सारून म्हणतात, "वरचे-खालचे आता सायन्सनेही मानलेत!"

मी तडक प्राध्यापकांकडे गेलो. तर म्हणाले, "ती शास्त्रीय संज्ञा आहे. लोकांनी असा अर्थ घ्यायचा नसतो."

लोकांनी! मग भाषण काय जिराफांसाठी होतं?

*

आणि हे आमच्या अक्काचं. माझी थोरली बहीण, हायस्कुलात जीव तोडून सायन्स शिकवायची. माणूस आणि वानर यांचे पूर्वज एकच, असं तिने वर्गात सांगितलं आणि एका पालकाने तक्रार केली. शाळेच्या कमिटीने ठरवलं, शास्त्रज्ञाला विचारू. तो ‘हो’ म्हणाला तर ठीक, नाहीतर बाईंकडून सायन्स काढून घेऊ. साठे डॉक्टरांना मीच घेऊन गेलो. मीच!

चेअरमन म्हणजे चिकपेटचे कापडवाले. त्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, बाई सांगतात ते खरं काय?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "उपलब्ध पुराव्यावरून, बहुधा, तसं मानायला जागा आहे."

"सरी, ठीक आहे!" चेअरमन क्लार्ककडे वळले. "लिहून घे. डॉक्टरांनाच खात्री नाही."

पाच मिनिटांत अक्काचं सायन्स गेलं, शिवणकाम आलं.

बाहेर व्हरांड्यात तिने एवढंच विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला स्वतःला शंका आहे?"

"छे हो! तिळमात्र नाही!"

"मग आत तसं का नाही म्हणालात?"

डॉक्टर खरोखरच गोंधळले.

"अहो बाई, आत ते लिहून घेत होते ना!"