किडेमावशीचं विरजण

थांबा, हे आत्ताच लिहायचंय. चहा नंतर, अभ्यास नंतर. उद्यावर टाकलं तर मी हे कधीच सांगणार नाही, मला माहितीय!

उदगीरला आमच्या शेजारी किडेमावशी राहायची. घरच्या काचपेटीतल्या माशांसाठी ती जिवंत लाल किडे वाढवायची, केसासारखे बारीक, पाण्यात गुंता करून राहणारे. नऊ पसरट ट्रे, आणि प्रत्येकाला नाव एकेका नातेवाइकाचं. नवरा वारल्यावर ज्यांनी तोंड फिरवलं, त्यांचं. किडा जे खातो ते माशाच्या अंगी लागतं, म्हणून पालक वाटून, लसणाचा रस घालून ती आधी किड्यांना खाऊ घालायची. "खा गं जाऊबाई, पोटभर खा. दुपारी तुला फायटर माशाला घालायचंय." मी हसून हसून लोळायचे. ती हसायची नाही.

मला 'मठ्ठे' म्हणायची, पण शिकवलं सगळं. ट्रे रिकामा करताना चिमूटभर किडे मागं ठेवायचे, त्याला तिचा शब्द विरजण. "नाल्यातले किडे रोग आणतेत. माझं विरजण सात वर्सांचं हाय, एकदम साफ." उदगीर जिल्हा होईपर्यंत तिला ते टिकवायचं होतं. का? "जिल्हा झाला की साहेब येतेत. साहेब आले की केबिनात काचपेटी येती. अन् माशाला रोज भूक लागती, मठ्ठे!" दुकानाची पाटीसुद्धा रंगवून पलंगाखाली ठेवली होती.

मग तो दुष्काळ. टँकर दहा-दहा दिवसांनी. त्यातल्या औषधानं किडे मरतात, म्हणून ते उडून जावं यासाठी मावशी एक ड्रम दोन दिवस उघडा ठेवून पाणी शिळं करायची. गल्ली पेटली. "माणसं तहानेनं मरायलेत अन् ही किड्याला पाणी पाजायली!" मावशी म्हणाली, "माझ्या वाटणीचंच हाय. आठ दिवस आंघोळ न्हाई केली, जवळ येऊन वास घ्या." कुणी पुढं आलं नाही.

चाकूरला कुणी वारलं म्हणून ती दोन दिवस गेली. मला सांगून गेली, "ट्रेचं पाणी दोन्ही टायमाला बदल. उघड्या ड्रममधलंच घे." त्याच दुपारी आरोग्यवाल्या ताई आल्या. उघडा ड्रम बघून चिडल्या, "लेकरं आजारी पडतील ना!" आणि औषधाची बाटली माझ्या हातात. मावशीला बोलणी बसू नयेत म्हणून मी ड्रममध्ये एक टोपण ओतलं. काठीनं ढवळलंसुद्धा. मला वाटलं, टँकरचं औषध वेगळं, हे तर प्यायच्या पाण्यात घालायचं, माणसं पितात, किड्यांना काय होतंय? संध्याकाळी नऊही ट्रे त्याच पाण्यानं भरले. तिनं सांगितलं होतं तसेच!

सकाळी सगळे गुंते पांढरे. बोट लावलं की सुटत होते.

मावशी आली. बोट बुडवून वास घेतला.

"किती?"

"एक टोपण. पण मावशी, ते प्यायच्या पाण्याचं..."

"हाव. माणसांच्या प्यायच्या पाण्याचं." मग तोच ओला हात माझ्या गालावर ठेवला. "वाईट माणसाला मी दार लावते. तुझ्यासारख्या चांगलीला कसं लावू?"

मी नांदेडला जाऊन दुकानातून लाल किडे आणले. बसमध्ये पिशवी मांडीवर, धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांत. तिनं ती भर उन्हात फरशीवर उपडी केली. "नाल्यातले हायत." मी उचलायला वाकले, तर तिनं मनगट धरलं. शेवटचा किडा हलायचा थांबेपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाली, "जा आता."

महिन्याभरात मासे देऊन टाकून ती नायगावला लेकीकडे गेली. गल्लीत सगळ्यांना फोन करते. आत्ताच आईला आला होता. गुडघे कसे, पाऊस कसा, कोपऱ्यावरचा लंगडा कुत्रा जिवंत हाय का. कुत्र्याचंसुद्धा विचारलं! आई म्हणाली, "ही बाजूलाच बसलीय, देऊ का?"

फोन कट.

खरं सांगा, कुणाचं भलं करायला जाऊन तुमच्या हातून असं झालंय का? आणि ते माणूस तुमच्याशी परत बोललं का?