सोनवणे मॅडम आणि साडेसहा कोटी वर्षं

आमचं ऑफिस भूजलाचं, म्हणजे जमिनीखाली पाणी किती आणि कुठं आहे ते बघायचं. मी नकाशे काढणारा, रशीदभाई जीपचे ड्रायव्हर आणि सोनवणे मॅडम भूवैज्ञानिक. तिघांनी मिळून जळगाव-धुळ्याचे रस्ते इतकी वर्षं तुडवले, की आता चहाला एकत्र बसलो की कामाचं कुणी बोलतच नाही. कुणीतरी म्हणतं, "तो विहिरीचा किस्सा सांग!" आणि तो संपेपर्यंत दुसरा कुणीतरी मॅडमचा नवाच काढतो. मॅडम स्वतः समोर बसून ऐकतात आणि फक्त चुका दुरुस्त करतात. त्याही दगडांच्या!

*

मॅडमचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा धुळ्याचा, शाळेत इंग्रजी शिकवणारा. घरच्यांनी दोघांना बाहेर बोलायला पाठवलं. लोक बागेत जातात, आइस्क्रीम खातात. मॅडम त्याला गावाबाहेर घेऊन गेल्या, काळ्या दगडाची एक लांबलचक भिंत दाखवायला.

"कोणी बांधली ही?" त्याने सभ्यपणे विचारलं.

बास! जमीन कशी फाटली, फटीतून लाव्हा कसा वर आला, फटीतच कसा थिजला, आजूबाजूचा मऊ दगड झिजून भिंत तेवढी कशी उरली, हे सगळं एप्रिलच्या उन्हात दोन तास चाललं. मुलगा मान डोलवत राहिला आणि मान डोलवता डोलवताच खाली बसला. ऊन लागलं होतं. थेट हॉस्पिटल, सलाईन!

संध्याकाळी मॅडम त्याच्या कॉटपाशी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग, काय ठरलं तुमचं?"

तो डोळे मिटूनच म्हणाला, "होकार आहे. फक्त लग्न हॉलमध्ये करू."

*

लग्नावरून विहिरीचा आठवला. चोपड्याजवळ मॅडमच्या भाचीचं लग्न होतं. आम्हालाही आमंत्रण. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लक्षात आलं, मावशी गायब! मांडवात कुजबुज. तेवढ्यात एक बाई धावत आली, "पैठणीवाल्या बाई विहिरीत गेल्या!"

मांडवामागे नवी विहीर खोदणं चाललं होतं. निम्मा मांडव तिकडे पळाला. नवरदेवाचे काका काठावरून वाकून ओरडले, "बाई! असं काय झालं की जीव द्यायला निघालात?"

खालून आवाज आला, "काही नाही झालं! इथं लाल मातीचा थर लागलाय! दोन लाव्ह्यांच्या मधला! म्हणजे पहिला लाव्हा येऊन गेल्यावर मध्ये बराच काळ शांतता होती!"

काकांनी वर मांडवाकडे पाहिलं, खाली विहिरीकडे पाहिलं. "ती शांतता आता आम्हाला पण द्या. वर या, अक्षता टाकायच्या राहिल्यात!"

मजुरांच्या शिडीवरून त्या वर आल्या. पैठणीच्या काठाला लाल माती लागली होती. ती त्यांनी झटकली नाही. कागदात पुसून घेतली!

*

मे महिना. मेहरूणच्या विहिरींची पाणीपातळी मोजून आम्ही परत निघालो होतो. जीपचा एसी बंद. रशीदभाई गळ्यातला ओला रुमाल सारखा फिरवत होते आणि त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस असं मोबाईलवरचं तापमान मोठ्यानं वाचत होते.

मॅडम म्हणाल्या, "रशीदभाई, हे काहीच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहत होता. हजार डिग्रीच्या वर!"

रशीदभाईंनी गिअर बदलला. "म्हणजे तेव्हापासून बरंच उतरलंय म्हणायचं!"

*

नरडाण्याकडच्या एका गावातून फोन आला. एका आबांच्या शेतात आकाशातून दगड पडलाय! मॅडमनी आयुष्यात उल्का हातात घेतलेली नव्हती. वाटेत त्यांनी दोनदा जीप थांबवून बॅगेत भिंग आहे ना ते पाहिलं.

गावात पोचलो तर दगडाला कुंकू लागलेलं, नारळांचा ढीग, बायकांची रांग. पागोटं बांधून आबा शेजारी बसलेले. काल-परवापर्यंत त्यांना गावात कुणी फारसं विचारत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

मॅडमनी भिंग लावलं, चुंबक लावलं. मग त्यांचा चेहरा उतरला. मला हळूच म्हणाल्या, "भट्टीतला मळ आहे हो. लोखंड वितळवताना वर येतो तो."

रांग थांबली होती. आबांनी विचारलं, "मॅडम, आकाशमधलाच शे ना?"

मॅडमनी भिंग बॅगेत ठेवलं. मग म्हणाल्या, "आबा, हा भट्टीतून निघालाय. पण यात लोखंड आहे, आणि जगातलं सगळं लोखंड आधी ताऱ्यांच्या पोटातच तयार झालं. ते मात्र खरं आहे."

आबांनी पहिलं वाक्य सोडून दिलं. रांगेकडे वळून म्हणाले, "आयकं का? ताराना पोटमधला शे!"

परत येताना रशीदभाईंनी विचारलं, "मॅडम, मग आपली जीपपण ताऱ्यातलीच?"

"हो, जीपपण."

रशीदभाईंनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "तरी हिला सर्व्हिसिंग मिळत नाही!"

*

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी सगळं ऑफिस एका मोबाईलभोवती जमलं होतं. टाळ्या झाल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "चंद्रावर ते काळे डाग दिसतात ना, तो बेसाल्ट आहे. आपल्या इथलाच काळा दगड!"

आमचे साहेब पेढा खात म्हणाले, "मग एवढ्या लांब कशाला गेले? खाणीत विचारायचं!"

सगळे हसले. रशीदभाई तेवढे हसले नाहीत. पुढच्या ईदला चांद दिसला तसा त्यांनी मॅडमना फोन लावला, "मॅडम, तुमचा दगड दिसला. उद्या शीरखुर्म्याला या!"

*

आणि चोपड्याच्या गयाबाई अक्का. बारा एकर केळी, सगळा कारभार त्यांच्याच हातात. त्यांच्या खोल बोअरचं पाणी मॅडमनी तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा मी म्हटलं, पोस्टानं पाठवू. मॅडम म्हणाल्या, "हे असं पोस्टानं सांगायचं नसतं."

केळीच्या सावलीत बसून मॅडमनी सांगितलं, "अक्का, पाणी चांगलं आहे. पण हा अलीकडचा पाऊस नाही. हजारो वर्षांपूर्वी पडलेला आहे. मुरत मुरत खाली गेला. तुम्ही जेवढा उपसताय तेवढा परत भरत नाही."

अक्कांचा मुलगा हसला, "मॅडम, पाण्याला काय एक्स्पायरी डेट असते का?"

आम्हीही हसलो. अक्का हसल्या नाहीत. पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तवय आठे कोन राहे?"

"तेव्हा इथं? माणसंच. नदीच्या काठानं राहायची. दगडाची हत्यारं वापरायची."

अक्का उठल्या आणि मोटर बंद करून आल्या. मुलगा म्हणाला, "आई, घड लागलेत!" त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही चहा न घेताच निघालो.

पंधरा दिवसांनी अक्का एसटीनं जळगावला आल्या, थेट ऑफिसात. मागे मुलगा, तोंड पाडून. म्हणाल्या, पावसाचं पाणी खाली सोडायचंय, खड्डा कुठं खणू ते दाखवा.

मी त्यांच्या शेताचा नकाशा टेबलावर पसरला. मॅडमनी बराच वेळ पाहून एका जागी बोट ठेवलं. "इथं मुरेल. पण ही तुमची सगळ्यात चांगली केळी."

"काढी टाकू."

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. मॅडमनाच राहवलं नाही. "अक्का, मी खोटं नाही सांगणार. हे पाणी तिथपर्यंत खाली पोचायला हजारो वर्षं लागतील."

अक्कांनी पदर खोचला आणि नकाशाची घडी करायला घेतली.

"लागू द्या. माले कोठे घाई शे!"