वाघोबाचा कोंबडा

घोडबंदर रोडला सहदेवची भातशेती होती तिथे आज टॉवर उभे आहेत. जाहिरातीत छापलं होतं, 'जंगलाच्या कुशीत राहा'. आता ती कूस कापूनच पार्किंग केलं होतं, पण ते सोडा. जमिनीच्या बदल्यात सहदेवला अकराव्या मजल्यावर घर मिळालं आणि बांधावरचा शेंदूर फासलेला वाघोबा मागच्या भिंतीजवळ, सोसायटीच्या बागेत राहिला. भिंतीपलीकडे डोंगर.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबापुढे जिवंत कोंबडा सोडायचा आणि मागे वळून न बघता घरी यायचं, ही त्याच्या घराण्याची रीत. बिबट्यालाही तिथे वाघच म्हणतात. वाघानं आपला वाटा घ्यावा आणि गोठ्याला हात लावू नये, एवढंच मागणं. गुरं गेली तशी रीतही सुटली.

पण फ्लॅटमध्ये सहदेवचा जीव काही रमेना. साठी उलटली आणि त्याला रानाची अशी ओढ लागली, की त्यानं बापाची रीत पुन्हा धरली. वर्षातून एकदा सोडून भागेना, म्हणून दर रविवारी संध्याकाळी. सोमवारी पिसं दिसली की गडी खूश.

"अवो, गुरं नायत आता," बायको मालन म्हणाली. "कोनासाठी कोंबरा सोरताव?"

"कोनी तं हाय अजून आपला."

मग एके दिवशी बिबट्या कॅमेऱ्यात दिसला. सोसायटीची मीटिंग बसली, पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. सेक्रेटरी सुश्रुत म्हणाला, "आपण नेचरसाठीच इथे आलो ना? पण त्यानं भिंतीच्या आत कशाला यायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सहदेवला हसू फुटणार होतं, तेवढ्यात त्यानं पडदा नीट पाहिला. बिबट्या झोपाळ्याजवळ बसला होता, वाघोबाकडे तोंड करून. रविवारची वाट बघत होता. आणि त्या झोपाळ्यावर सहदेवची नात कृतिका रोज खेळायची.

करायला गेला एक आणि झालं भलतंच. सहदेवनं कोंबडे बंद केले. जनावर यायचं थांबलं नाही. उलट दिवसाउजेडी येऊन त्यानं वॉचमनचा कुत्रा उचलला. मग वनखात्यानं पिंजरा लावला. आत कोंबडी ठेवली, बिबट्या लांबूनच हुंगून गेला. असं बरेच दिवस चाललं. पोरांचं खाली येणं बंद झालं.

शेवटी रविवारी सहदेव स्वतः बाजारातून कोंबडा घेऊन आला. पिंजऱ्यात आपल्या हातानं ठेवला आणि नेहमीसारखा म्हणाला, "घे बाबा."

अंधार पडायच्या आत दार खाली आपटलं. बाल्कन्यांतून टाळ्या वाजल्या. सुश्रुत जिना उतरून त्याच्या पाया पडायला आला, "काका, तुम्ही होतात म्हणून!" सहदेवला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. मुस्काट मात्र आपलंच फोडायला हवं, हेही त्याला कळत होतं.

वर आल्यावर मालननं विचारलं, "धरला?"

"कोनी नाय धरला," सहदेव म्हणाला. "माझा हात वलखून आला तो."